बदलापूरच्या आसपास तारे बघायला अंधारी जागा कुठे?

निनाद_बदलापूर

मंडळी, नमस्कार.

लेकीला (इयत्ता आठवी) आकाशाचं वेड लागलंय. जेवण झालं की स्टेलेरियम (तारे ओळखायचं ॲप) उघडून गच्चीत. मृगाचा पट्टा, व्याध, रोहिणी आणि गुरू एवढं ओळखून झालं. त्यापुढचं सगळं सोसायटीच्या फाटकावरच्या दिव्याने गिळलंय. आता तिला आकाशगंगा बघायचीय, आणि ती मोबाइलमधली नको, डोळ्यांनी दिसणारी हवी.

अटी अशा: बदलापूर पश्चिमेहून दीड, फार तर पावणेदोन तासांत पोचता यावं. बरोबर बायको, मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई. म्हणजे गड चढणं बाद, संडासाची सोय हवी. गाडी आहे, दुर्बीण नाही. घ्यावी का तेही सांगा. 'लडाखला जा' म्हणणाऱ्यांना आगाऊ दंडवत.

खडूस_काका

वांगणी. तुमचं पुढचंच स्टेशन. धागा बंद करा.

अनघा_के

काका, इतक्यात नको हो बंद करायला.

वांगणीशी माझं जुनं नातं आहे. खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे व्हायचे. शेवटच्या लोकलने उतरायचं, सतरंजी टाकायची आणि पहाटेपर्यंत कुणीतरी जाणकार बोट दाखवून तारे ओळखायला शिकवायचं. आमच्या पिढीतल्या बऱ्याच मुंबईकरांनी देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) पहिल्यांदा तिथेच पाहिली. १९९८ च्या सिंह उल्कावर्षावाचीही गंमत आठवते. भाकीत होतं १७ नोव्हेंबरच्या रात्रीचं. मोठाले अग्निगोल मात्र आदल्याच पहाटे पडून गेले होते. जे हौशी लोक एक रात्र आधी जागले त्यांची चंगळ झाली, बाकीचे वर्षभर हळहळले.

पण आताची वांगणी ती नाही. इमारती उठल्या, रस्त्यांवर पांढरे एलईडी आले. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा हे पांढरे दिवे आकाशासाठी जास्त वाईट, कारण त्यांच्यात निळा प्रकाश जास्त आणि निळा हवेत जास्त विखुरतो. शिकायला, कार्यक्रमाला वांगणी अजूनही चांगली. आकाशगंगेसाठी मी आता नाही जाणार.

निनाद_बदलापूर

अनघाताई, धन्यवाद. मग बारवी धरणाकडे? तिकडे रात्री चांगलाच काळोख असतो.

मुरबाडकर

काळोख आहे, पण रात्री थांबायची जागा नाही ती. जंगल आहे, बिबट्याचा वावर आहे. धरण परिसरात रात्री गाडी लावून बसलात तर रखवालदार उठवणार, आणि त्याचं बरोबरच आहे. दिवसा जा, भजी खा, परत या.

नरतुरंग

निनाद, जरा सविस्तर लिहितो. बहुतेक लोक 'किती लांब' एवढंच विचारतात. त्याआधी 'कुठल्या बाजूला' हे विचारायला हवं.

शहराचा उजेड आकाशात घुमटासारखा दिसतो. तुमच्यासाठी सगळ्यात मोठा घुमट मुंबई-ठाणे-कल्याणचा, म्हणजे पश्चिम आणि वायव्येला. नैऋत्येला पनवेल. दक्षिणेला कर्जत-खोपोली आणि द्रुतगती मार्ग. उरली पूर्व. तिकडे मुरबाड तालुका, त्यामागे सह्याद्रीची भिंत, आणि भिंतीवर भीमाशंकरचं अभयारण्य. मुंबईजवळ अंधार शिल्लक आहे तो या पट्ट्यात.

आता मुलीला काय बघायचंय ते बघा. आकाशगंगेचा भरगच्च भाग धनु आणि वृश्चिक राशींत आहे. आपल्या अक्षांशावर, म्हणजे साधारण १९ अंशांवर, तो दक्षिणेकडच्या आकाशातून जातो. त्यामुळे घुमट पाठीशी आणि दक्षिण मोकळी अशी जागा हवी. बदलापूरच्या उत्तरेला पन्नास किलोमीटर गेलात तर तोंड पुन्हा कल्याणकडेच होतं. तेच पूर्वेला धसई, म्हसा भागात गेलात तर दक्षिणेला सिद्धगड-भीमाशंकरचे डोंगर येतात. त्यांच्यामागचं पुणं बरंच लांब आहे.

यात एक मेख आहे. तीच जागा बारा महिने तितकीच चांगली नसते. चैत्र-वैशाखात हा भाग मध्यरात्रीनंतर आग्नेयेकडून दक्षिणेला सरकतो. धसईतून ती अंधारी बाजू, उत्तम. पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरात, तोच भाग संध्याकाळी साडेसात-आठला नैऋत्येला कललेला असतो. धसईतून त्या बाजूला कल्याण-बदलापूर! हवा वर्षातली सर्वांत स्वच्छ आणि नेमकं हवं ते उजेडात बुडालेलं. ऑक्टोबरात जायचं तर माळशेज चढून वर खुबी फाटा, खिरेश्वरकडे. तिथून कल्याणचा घुमट घाटाच्या कड्याखाली दबतो. पण ते तुमच्या पावणेदोन तासांत बसत नाही, आणि पाऊस पुरता सरल्याशिवाय तो घाट रात्री नको. धुकं असतं, दरडीही.

आणि आत्ता, नोव्हेंबर-डिसेंबरात, धनु-वृश्चिक सूर्याच्या आसपास असतात, त्यामुळे तो भाग दिसणारच नाही. संध्याकाळी पश्चिमेला हंस तारकासमूहातून आणि उत्तरेला शर्मिष्ठेतून जाणारा पट्टा दिसेल, रात्री मृगाच्या शेजारून जाणारा फिकट पट्टा. फोटोत असते तशी आकाशगंगा आत्ता मागू नका. मुलीला हे आधी सांगा, नाहीतर हिरमोड होईल.

चांदणटिपूर

नरतुरंग, वाचनखूण साठवली.

पण जागा चांगली आहे की नाही हे तिथे पोचल्यावर कसं ठरवायचं? उजेडाचे नकाशे उपग्रहावरून काढलेले असतात. त्यावर काळं दिसतं, आणि प्रत्यक्षात शेजारच्या फार्महाउसवर फोकस लावलेला.

नरतुरंग

बरोबर. नकाशा फक्त दिशा ठरवायला वापरायचा, बाकी निकाल डोळ्यांनी.

थंडीत सोपी परीक्षा म्हणजे मृगाचं डोकं. दोन्ही खांद्यांच्या वर मधोमध तीन बारीक ताऱ्यांचा चिमुकला त्रिकोण आहे, तेच मृगशीर्ष. बदलापूरच्या गच्चीतून बहुधा एकच दिसेल, तोही धडपणे नाही. तिन्ही सहज दिसले तर जागा ठीक. मग कृत्तिका मोजा. सहा स्पष्ट दिसल्या तर चांगलं, सातवी-आठवी दिसली तर फारच छान. त्यानंतर पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ. नुसत्या डोळ्यांना तिथे धुरकट डाग दिसला की सतरंजी पसरा.

परीक्षा घेण्याआधी वीस-तीस मिनिटं अंधारात बसा. या वेळात एकदा जरी मोबाइलचा पांढरा पडदा पाहिलात तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळा. स्टेलेरियममध्ये लाल पडद्याची सोय आहे, पण उजेडही अगदी कमी करा.

खडूस_काका

म्हणजे माणसाने पन्नास किलोमीटर जायचं आणि अर्धा तास काहीच बघायचं नाही. छान.

अनघा_के

काका, तेवढा वेळ चहा प्या.

मुरबाडकर

मी धसईजवळच्याच गावचा. नरतुरंग यांचं बाकी सगळं पटलं, दोन गोष्टी गावच्या बाजूने सांगतो.

पहिली म्हणजे धूर. आमच्याकडे वीटभट्ट्या आहेत, त्या पाऊस संपला की लागतात आणि उन्हाळाभर धुमसतात. शिवाय फेब्रुवारीपासून पुढे शेतात राब भाजतात (भाताच्या रोपांच्या जागी पालापाचोळा जाळतात), कधी डोंगराला वणवा लागतो. थंडीच्या रात्री हा धूर वर जात नाही, जमिनीलगतच बसतो. दहा अंश उंचीपर्यंतचं आकाश मग राखाडी. म्हणून निघण्याआधी गावातल्या कुणालातरी फोन करून 'आज कुठं राब पेटलाय का' विचारा. हवामानाच्या ॲपमध्ये हे कळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अमावास्येच्या रात्री चार अनोळखी माणसं माळावर, हातात लाल बत्ती, तिपाईवर काहीतरी नळकांडं, आणि आवाज न करता बसलेली. गावात काय वाटेल? चोर, नाहीतर गुप्तधन काढणारे! हसू नका. मुंबईची काही मुलं आमच्या शेजारच्या गावात अशीच अडकली होती, पोरं घाबरली आणि गाववालेही घाबरलेले. शेवटी पोलीस पाटलांनी दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली तेव्हा मिटलं. नंतर अर्धा गाव रांगेत उभा.

म्हणून आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा. सरळ सांगा, मुलीला तारे दाखवायचेत. जिल्हा परिषद शाळेचं पटांगण मिळतं, तिथे संडास असतो, पाणी असतं, माळावरच्या विंचवाकाड्याची भीती कमी. पटांगणावरचा दिवा बंद करायला सांगितलं तर करतात. तुम्ही माळ शोधत फिरता, आणि चांगली जागा असते शाळेमागे.

ज्योत्स्ना_पनवेल

मुरबाडकर दादा, शनीची कडी आणि पोलीस पाटील, वा!

बायकांच्या दृष्टीने विचारते. आम्ही तिघी मैत्रिणी आहोत, आम्हालाही अशीच जागा हवी आहे. कर्जतकडच्या एका रिसॉर्टने 'तारांकित रात्र' अशी जाहिरात केली होती. गेलो तर तरणतलावाभोवती निळे दिवे रात्रभर चालू आणि दहापर्यंत डीजे. दिवे बंद करा म्हटलं तर म्हणे बाकीच्या पाहुण्यांना भीती वाटते.

अनघा_के

ज्योत्स्ना, तुम्ही तिघी पहिल्या वेळी एखाद्या मंडळाबरोबरच जा. मुंबईत खगोल मंडळ आहे, कल्याणला आकाशमित्र मंडळ, पुण्याकडून जाणार असाल तर ज्योतिर्विद्या परिसंस्था. ही परिसंस्था १९४४ सालची, हौशी खगोल निरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था. गटात बायका, मुलं, आजोबा सगळे असतात, जागेची परवानगी त्यांनी काढलेली असते. एकदा जागा आणि माणसं कळली की मग तुम्ही स्वतंत्र जाऊ शकता.

आणि रिसॉर्टला फोन करताना 'तारे दिसतात का' असं विचारू नका, हो म्हणणारच. 'बाहेरचे सगळे दिवे रात्री अकरानंतर बंद करता का' असं विचारा.

वैदर्भीय

अवांतर: नागपूरकरांनो, आपल्याकडे पेंच आहे हे विसरू नका. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारीच्या बाजूला. आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे तोंड करणारे बसवले. उजेड रस्त्यावर पडला तर आकाश आपोआप सुटतं, गाव अंधारात ठेवावं लागत नाही. बदलापूरच्या नगरसेवकांना कुणीतरी नेऊन दाखवा.

खडूस_काका

नगरसेवक वाघ बघायला येतील.

परदेशस्थ_पाटील

इथे न्यू जर्सीतून आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या चेरी स्प्रिंग्जला जातो. निरीक्षणाच्या मैदानात पांढरा दिवा लावायला बंदी, फक्त लाल. अंधार असा की आकाशगंगेच्या पट्ट्यातल्या काळ्या भेगासुद्धा नुसत्या डोळ्यांना दिसतात.

पण खरं सांगू? अगस्त्य तारा तिथून कधीच दिसत नाही. अक्षांश साडेएक्केचाळीस, त्यामुळे तो क्षितिजावर येतच नाही, आणि वृश्चिकाची शेपटी कशीबशी झाडांच्या वर. तुमच्याकडे अगस्त्य दक्षिणेला अठरा अंशांवर चढतो. बदलापूरच्या गच्चीतूनसुद्धा दिसेल, व्याधाच्या खाली बघा. मुलीला जरूर दाखवा. मी गावी आलो की पहिला तो बघतो.

निनाद_बदलापूर

पाटीलसाहेब, आज रात्री साडेबारापर्यंत जागून बघितला! दक्षिणेच्या इमारतींमधल्या फटीतून, पण दिसला. लेकीने वहीत नोंद केली.

तिचा पुढचा प्रश्न: मग दक्षिणेचा क्रॉस, म्हणजे त्रिशंकू, धसईहून दिसेल का?

नरतुरंग

गणित तिलाच करू द्या. त्रिशंकूतला सर्वांत खालचा ठळक तारा विषुववृत्ताच्या ६३ अंश दक्षिणेला. तुमचा अक्षांश १९. नव्वदातून दोन्ही वजा केले की उरतात आठ. म्हणजे तो जास्तीत जास्त आठ अंश वर येणार. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, त्यावरून अंदाज येईल.

आता डोंगर. हजार मीटर उंचीची भिंत दहा किलोमीटरवर असेल तर ती पावणेसहा अंश आकाश झाकते, पाच किलोमीटरवर असेल तर अकरा. म्हणजे देहरीसारख्या अगदी पायथ्याच्या गावातून गोरखगडाच्या बाजूला त्रिशंकू मिळणार नाही. धसईच्या अलीकडे मोकळ्या जागी मेच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास मिळेल, पण तेव्हा क्षितिजावर धुरळा फार. त्रिशंकूसाठी खरं तर कोकण किनारा बरा, दक्षिणेला समुद्र असेल असा. दिवेआगर, हरिहरेश्वर. तेवढं मात्र वेगळ्या सहलीला ठेवा.

चांदणटिपूर

आणि अमावास्याच हवी का? नोकरदार माणसाला अमावास्या शनिवारी कुठून मिळणार?

अनघा_के

नाही हो. भिंतीवरचं कालनिर्णय काढा. संकष्टीचा चंद्रोदय साधारण नऊच्या आसपास असतो हे उपास करणाऱ्या कुणालाही पाठ आहे. तिथून रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर धरा. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्री उगवतो, म्हणजे संध्याकाळचे चार-पाच तास तुमचे. अष्टमीपासून पुढच्या शुक्ल चतुर्थीपर्यंत कुठलाही शनिवार चालतो. फक्त आकाशगंगा पहाटे बघायची असेल तर उलटं: शुक्ल पक्षातल्या सप्तमी-अष्टमीलाही चालेल, कारण मध्यरात्री चंद्र मावळतो.

दिवाळीची अमावास्या सोडून द्या. वर्षातली सर्वांत वाया गेलेली अमावास्या, नुसता फटाक्यांचा धूर.

टोपीवाला

मला एक विरोधी मत नोंदवायचंय. एवढा खटाटोप करण्याआधी गच्ची पुरती वापरून झालीय का? गुरूचे चार चंद्र, शुक्राच्या कला, चंद्रावरची विवरं, जोडतारे, या कशालाच अंधार लागत नाही. बदलापूरच काय, दादरच्या गच्चीतूनही दिसतात. अंधार लागतो तो दीर्घिका, तेजोमेघ आणि आकाशगंगेला. लोक महिन्यातून एकदा लांब जातात आणि उरलेले एकोणतीस दिवस वर बघत नाहीत.

दुर्बिणीबद्दल: थेट टेलिस्कोप नको. १० गुणिले ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) द्विनेत्री घ्या. ७ गुणिले ५० पण मिळते, ती तरुण डोळ्यांना चांगली, पण चाळिशीनंतर बाहुली तेवढी उघडत नाही आणि तिचा जास्तीचा उजेड वाया जातो. तुम्ही दोघं आणि आईही बघणार, म्हणून दहा-पन्नास. पाठीवर आडवं पडून, कोपर जमिनीला टेकवून बघा, हात कमी हलतो. त्यातून देवयानी दीर्घिकेचा लांबट धुरकट डाग दिसेल. तो प्रकाश निघाला पंचवीस लाख वर्षांपूर्वी. आठवीतल्या मुलीला सांगायला हे बरं. शनीची कडी मात्र यातून दिसणार नाही, तिथे टेलिस्कोपच लागतो.

मुरबाडकर

टोपीवाले साहेब, पटलं. पण आईंनी आडवं पडून कसं बघायचं? त्यांना आरामखुर्ची न्या, डोकं टेकतं अशी. थंडीत आमच्याकडे पहाटे चांगलंच दव पडतं, शाल-मफलर आणि पायाला जाड मोजे. भिंगावरही दव धरतं, बघून झालं की लगेच झाकण लावा, कपड्याने पुसत बसू नका. आणि बूट अंगणात काढून ठेवलेत तर घालण्याआधी झटका.

निनाद_बदलापूर

सर्वांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठरलेलं असं. या महिन्याच्या कृष्ण पक्षात धसईच्या बाजूला पहिली फेरी, कृत्तिका, देवयानी, मृगशीर्ष यांसाठी. तोवर गच्चीत गुरू. द्विनेत्री घेतो. दुसरी फेरी चैत्र अमावास्येच्या आसपास, मध्यरात्रीनंतर, आकाशगंगेसाठी. तिला 'डिसेंबरात नाही दिसणार' हे सांगितलं. थोडी नाराज झाली, मग स्टेलेरियममध्ये तारीख पुढे सरकवून स्वतः खात्री करून घेतली.

मुरबाडकर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय. पोलीस पाटलांशी बोलणं तुमच्यामार्फत झालं तर बरं.

नरतुरंग

उन्हाळ्याच्या फेरीआधी मुलीला एकदा खोडदलाही नेऊन आणा, नारायणगावजवळ. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त लोकांसाठी खुल्या असतात. रेडिओ दुर्बिणींना शहराचा उजेड त्रास देत नाही, आपले मोबाइल देतात.

मुरबाडकर

व्यनि मिळाला. पाटलांशी बोललो, शनिवार चालेल. पटांगणाचा दिवा शाळेच्या व्हरांड्यातून बंद होतो, चावी माझ्या चुलतभावाकडे आहे. बाजूच्या घरावर एक फोकस आहे, तोही त्या रात्री नऊला बंद करतो म्हणाले. त्यांची एकच अट आहे, त्यांच्या नातवंडांनाही दाखवायचं.

खडूस_काका

नातवंडांसाठी टेलिस्कोप लागेल, द्विनेत्रीतून कडी दिसत नाही हे वर आलंच आहे. माझ्याकडे सहा इंची डॉब्सोनियन आहे, डिकीत बसतो. अंबरनाथहून निघेन. निनाद, तुमच्या गाडीमागे येतो, धसईचा रस्ता मला माहीत नाही.

अनघा_के

आणि वांगणी?

खडूस_काका

वांगणी वांगणीच्या जागी.